बारा घरांमागे एक

ऑर्डर आली तेव्हा सोलापुरात पारा त्रेचाळीसवर.
सहाशे टर्की टॉवेल, पांढऱ्यावर निळं डिझाइन:
डोंगर चढणारी छोटी गाडी, वर स्टेशन,
स्टेशनामागे बर्फाची शिखरं.
कुठल्याशा पहाडी गावच्या हॉटेलवाल्याची मागणी.
सोबत एक फोटो, कडेनं बोटांचे ठसे उमटलेला.

नान्नांनी तो भिंतीला चिकटवला
आणि दोन दिवस नुसते बघत बसले.
"कोंडा," म्हणाले. आमच्या तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर.
मी त्यांच्या केसांतला सुताचा कोंडा झटकला.
हसलो दोघं.
साखर पेठेत तेवढाच डोंगर होता.

तिसऱ्या दिवशी ग्राफ अंथरला.
"गाडी एकदम चढत नसते गं.
बारा घरं आडवी, मग एक घर वर.
घाई केली की चाकही घसरतं
आणि डिझाइनसुद्धा."
हे सांगणाऱ्या माणसाची आजवरची सगळ्यात उंच चढण म्हणजे
गच्चीवरची टाकी धुणं.

बारा आडवी, एक वर.
पहिल्या वळणावर देवदार काढले,
ते कडुनिंबासारखे झाले. राहू दिले.
पुलाखाली नदीला चार निळी घरं दिली.
"उन्हाळ्यातली आहे," म्हणाले.
मग बोगदा. गाडी तीन ओळी गडप.
त्या तीन ओळी भरताना नान्ना शिट्टी वाजवायचे थांबले,
आणि गाडी बाहेर आली तेव्हा उठून
बनियनवर शर्ट चढवला.
पंखा गरम हवाच फेकत होता.

वरच्या स्टेशनावर गाडी अडली.
बर्फ पांढरा, टॉवेल पांढरा,
पांढऱ्यावर पांढरं दाखवायचं कसं?
"मंचू," ते पुटपुटले.
हा शब्द आमच्यात बर्फालाही चालतो, धुक्यालाही;
शब्द एकच असला की डोळ्यांचं काम वाढतं.
शेवटी त्यांनी शिखर काढलंच नाही.
फक्त त्याची सावली काढली, निळी,
आणि बाजूची जागा कोरी सोडली.
कोऱ्या जागेत, शपथ, डोंगर उभा राहिला.

पत्ते पंच करते मी.
जिथं भोक, तिथं धागा वर उचलला जातो.
जिथं पुठ्ठा शाबूत, तिथं तो खालीच.
मोजता मोजता दुसऱ्या डब्याच्या खिडकीत
नऊ भोकं जास्तीची निघाली.
फोटोत ती खिडकी रिकामी आहे.
ग्राफ डोळ्यांजवळ धरला:
वाकलेली मान, मांडीवर सूप,
सुपात विड्यांची पानं,
नखाएवढी
आई.

घर ते विडी कारखाना, कारखाना ते घर,
जाताना विड्या, येताना पानं,
एवढीच तिची सहल.
मग खोकला. मग तोही थांबला.
मी काही बोलले नाही. नऊ भोकं मारली.

जेकार्ड सुरू झालं की त्याला थांबा ठाऊक नसतो.
खटक खटक, बारा आडवी, एक वर,
सहाशे वेळा आई बोगद्यातून बाहेर आली
आणि सहाशे वेळा तिनं मान वर केली नाही.
विड्या मोजत होती बहुतेक.
समोर एवढा बर्फ.

मालकांनी भिंग लावलं.
"खिडकीत ही चूक कसली, राजमल्लू?"
"चूक नाही, पॅसेंजर आहे."
"तिकीट काढलंय का तिनं?" मालक हसले.
"काढलंय की," नान्ना म्हणाले,
अजिबात न हसता.

गठ्ठे गेले. एक टॉवेल घरी राहिला,
कडेला शिवण सुटली म्हणून सेकंडात काढलेला.
दुपारी दोरीवर टाकला की दहा मिनिटांत वाळतो.
वारा आला की गाडी एक घर वर जाते, परत खाली येते.
मी ओले हात घेऊन त्याच्याकडे वळले
की नान्ना मागच्या खोलीतून ओरडतात,
"तो नको. दुसरा घे."