पक्ष्याचं नाव

पत्र वैशाखात आलं, साखर पेठेत.
पत्ता चादरीच्या लेबलावरून उतरवलेला,
सोलापूरमधल्या लाचा काना राहिलेला.
लाइट गेली होती, माग गप्प.
कांड्या भरता भरता लिंगव्वा म्हणाली, वाच की.

'आमचं गाव बावीस घरांचं.
कार्तिकात वाट बंद होते, चैत्रात सुटते.
हंड्यातलं पाणी कुऱ्हाडीने फोडतो.
पेन काखेत धरून गरम करते,
मग दोन ओळी उमटतात.
तुमची चादर फेरीवाल्याने खेचरावरून आणली होती.
पौषात आजोबा गेले.
लाकडं सगळी बर्फाखाली. अकरा दिवस
त्यांना चादरीत गुंडाळून ठेवलं, गोठ्याच्या माडीवर.
ती त्यांच्याबरोबरच गेली.
आता धाकटा झोपत नाही. त्याला तोच पक्षी हवा.
त्याचं नाव काय? आमच्याकडे असा येत नाही.
— सुरमा, इयत्ता नववी.'

लिंगव्वा म्हणाली, परत वाच.

बाहेर डांबर चपला धरून ठेवत होतं.
चाळीस वर्षं आम्ही थंडीवर पोट भरलं,
तिची आमची गाठ कधी पडली नाही.
संक्रांतीच्या मागंपुढं चार पहाटा,
त्याही स्वेटर शोधेपर्यंत सरतात.

पक्षी राजमल्लूमामांचा.
नान्नजच्या माळावर एकदा माळढोक दिसला त्यांना,
लांबून, सायकल आडवी टाकून बघितला.
रात्रभर चौकटीच्या कागदावर घरं भरली,
जकार्डचे पत्ते पाडले.
विणून आला तर मान आखूड, पाय जाड.
कोणी मोर म्हणालं, कोणी कोंबडा,
एक व्यापारी उंट म्हणाला.
मामा हसले नाहीत.
माल मात्र खपला.

जकार्ड उतरवून टॉवेल लावले, त्याला सहा वर्षं झाली.
पत्ते माळ्यावर सापडले, सुतळीत ओवलेले,
शेपटीपाशी उंदरांनी खाल्लेले.

लस्सीवाल्याकडे बर्फाची लादी होती.
तिच्यावर तळवा ठेवून मी आकडे मोजले.
तिसाला काढला.
तो म्हणाला, काय मालक, ऊन लागलं काय?

रात्रपाळी सुटल्यावर कोपऱ्यातला माग पुसला.
बाणा दुहेरी घालतोय, वजन वाढेल.
शेपटी नसेल, पोरा.

पार्सलात टाकायची चिठ्ठी लिंगव्वाने सांगून लिहवली:
नाव माळढोक.
आमच्याकडेही आता फारसा येत नाही.