खळ

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
क्रीमच्या चाचणीला ओव्हन लागत नाही.
डबी गच्चीवर ठेवायची.
दुपारी तीनला तेल वर, पाणी खाली,
सतरावा घाणा फुटला.

अठराव्यात मेण वाढवलं, जवसाचं तेल कमी केलं
आणि डबी घेऊन गेले पाचपावलीला
पुष्पकला नंदनवारांच्या पार्लरात.
कूलरची खस वाळलेली.
खुर्चीत एक नवरी, डोळे मिटून.
बाईंनी बोटं बुडवली, गालांवर दोन फेरे घेतले,
तिसऱ्याला थांबल्या.
"मॅडम, चेहरा तं हे पिऊनच घेऊन राह्यला.
हात अडकते ना माहा."

मला ती शाबासकी वाटली होती.
पटकन मुरतं, चिकटत नाही;
मालकांना हेच हवं,
शिवाय डबीवर संत्रं आणि 'खोलवर पोषण'.
खोलवर म्हणजे किती,
हे मी त्यांना एकदा आकड्यांत सांगून पाहिलं:
पाचशे डाल्टनच्या वर कातडीचं दार बंद.
कोलॅजेन तीन लाखांचं,
ते चपला काढून उंबऱ्यावरच बसून राहतं.
संत्र्याच्या सालीतलं तेल मात्र एकशे छत्तीसचं,
न विचारता आत शिरतं
आणि शिरलं की चुरचुरतं.
मालक म्हणाले, संत्रं राहू द्या.

"आमचा बाबा कोष्टी,"
कापूस भिजवता भिजवता बाई बोलल्या,
"ताण्याले खळ लावे.
सारी सुतात घुसली तं कामातून गेली.
वर बसाले पायजे.
धोटा सरकला पायजे, धागा नाही तुटला पायजे.
लुगडं झालं का धुऊन टाका.
मंग कोन इचारते खळीले?"

विसाव्या घाण्यात मी ते जड पांढरं तेल घातलं
ज्याच्या नावानं कॉलेजात आम्ही नाकं मुरडायचो,
जे कुठेच जात नाही.

खुर्चीत या वेळी ट्रॅफिकची हवालदारीण.
बर्डीच्या चौकात दिवसभर उभी,
कपाळावर टोपीची रेघ,
वर गोरं, खाली तांबूस.
वीस मिनिटं हात कुठे अडला नाही.
जबडा सुटला, मग ती घोरायलाच लागली.
बाईंनी मला खुणेनं सांगितलं, बोलू नका.

नंतर ओल्या कापसाचे मळकट बोळे,
एकामागून एक, बादलीत.
तिसऱ्या दशांशापर्यंत तोललेलं माझं सगळं
त्या बादलीत.

रात्री वहीत नोंद केली:
घाणा वीस. शोषण जवळपास शून्य.
शेरा, ठीक.
संत्रं फक्त चित्रात.