खाणीचा पाव

दुकानात आईचा नंबर होता चौदाशे एकोणतीस.
सहकारी दुकान. आधी नंबर सांगायचा,
मग साखर, मग मेणबत्त्या.
वर्षातून दोनदा त्या नंबरावर थोडे पैसे परत यायचे
आणि आम्हा तिघांच्या पायात बूट.
आज मला माझ्या मुलीचा फोन नंबर आठवत नाही.
पण झोपेतून उठवून विचारा: चौदाशे एकोणतीस.

क्रेगलोनला रस्ते नव्हते, ओळी होत्या.
पहिली ओळ, मधली ओळ, नवी ओळ;
नवी ओळ आजोबांच्या जन्माआधीची.
चोवीस दारं, चोवीस धुराडी, धुणीघर एक.
किल्ली दारोदार फिरायची, आमचा वार बुधवार.
मिसेस रॅटरे बुधवारीच गालिचा झटकायची,
वारा बघून.
आई बोलायची नाही,
चिमटे दातात धरून दोरी हलवायची.

गावामागे डोंगर होता, देवाने न केलेला.
कोळसा सोडून जे जे खालून वर आलं त्याचा ढीग.
आतून धुमसायचा.
हिवाळ्यात सगळं पांढरं व्हायचं, तो तेवढा काळा,
त्याच्यावर बर्फ टिकायचाच नाही.
पत्र्याचे ट्रे ढुंगणाखाली घेऊन आम्ही त्याच्यावरून सुटायचो,
खाली पोचेपर्यंत गुडघ्यांत खडी रुतलेली.
एकाही गुडघ्यातली ती अजून पूर्ण निघालेली नाही,
निळी दिसते, कातडीखाली.

बाबा यायचा तेव्हा फक्त डोळे असायचा.
शेगडीपुढे पत्र्याचं टब, आम्ही भिंतीकडे तोंड करून.
पाठ धुवायची नाही, पाठीतलं बळ जातं म्हणत.
रविवारी चर्चमध्ये तो कॉलरपर्यंत गोरा होता.

आणि त्याचा डबा, पावाच्या कापाच्या आकाराचा.
त्यात एक तुकडा उरलेला असायचा, रोज.
त्यासाठी आम्ही एकमेकांचे केस उपटले आहेत.
जॅम, तेल, ओल, आणि जिथे कधीच दिवस उजाडत नाही
त्या जागेची चव.
त्याला भूक कमी, असं आम्ही धरून चाललो होतो.

भोंगा अवेळी झाला तेव्हा तेराचा पाढा चालू होता.
मिस गेडीस फळ्याकडे बघत राहिल्या,
खडू तसाच टेकलेला.
बऱ्याच वेळाने दारात हेडमास्तर.
हातात कागद नव्हता. नुसती नजर,
बाकावरून बाकावर सरकत आली,
माझ्यावर आली,
आणि पुढे गेली.
बेथिया पर्डीवर थांबली.

मला आनंद झाला.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिने पेन्सिली एकेक करून पेटीत ठेवल्या,
टोकं एका बाजूला.
एक हातमोजा राहिला, तो वसंतापर्यंत खिडकीत होता.

त्या रात्री बाबा न धुता बसला.
पर्डीला त्यानेच वर आणलं होतं.
डबा भरलेला परत आला, दोन्ही काप जसेच्या तसे.
आम्ही तिघांनी ते बघितले,
हात लावला नाही.
मग लावला. मग भांडलोही.

खाण बंद झाली, ओळी पाडल्या.
डोंगर ट्रकांत भरून नेला, मोटरवेखाली घातला;
माणसं आमच्या बापजाद्यांवरून सत्तर मैलांनी जातात.

परवा कर्कॉडीला बसच्या थांब्यावर बेथिया भेटली.
दोघींचे गुडघे गेलेले.
हवेबद्दल बोललो, मिसेस रॅटरेबद्दल बोललो.
तिने विचारलं, तुमचा दुकानाचा नंबर काय गं होता?
मी सांगितला.
आमचा चौदाशे तीस, ती म्हणाली.
आया एकत्र गेल्या असतील नाव घालायला,
तुझी आई पुढे उभी असेल.

असेल, मी म्हणाले.
तिची बस आली.