तुम्हाला असे म्हणायचे होते का

आकाशवाणी चौकातून आत वळलं की तिसरं दुकान.
पाटीवर झेरॉक्स, टायपिंग, ॲफिडेव्हिट,
आणि मागाहून रंगवलेलं, जरा तिरपं:
सर्व भाषांतून भाषांतर.

सर्व भाषा म्हणजे मी
आणि हा सेकंडहँड कॉम्प्युटर,
ज्यात एक चौकट दिवसभर उघडी असते.
डावीकडे मराठी ओतायची,
उजवीकडे कोर्टाची इंग्रजी पडते
गिरणीतल्या पिठासारखी, गरम.
चाळून घ्यावी लागते.
शेजारी चार-पाच शब्दकोश, सगळे फुकटचे,
अर्थाच्या आधी लग्नाची जाहिरात दाखवणारे.

एकदा सांभार चोरल्याची फिर्याद होती.
बुधवार बाजार, चाळीस जुड्या.
चौकटीने लिहिलं, आरोपीने चाळीस सांबरं पळवली.
आगलावे वकील इतके हसले की चहा फाइलवर सांडला.
पुण्याहून आलेल्या त्यांच्या ज्युनिअरला मात्र
कोथिंबीर म्हणून सांगितल्यावरच हसू आलं.

पण हे सांगायचं नव्हतं.

मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं,
देवलापारकडच्या सायत्राबाई उईके आल्या.
हायवेत जमीन गेलेली, मोबदल्याची केस.
त्या बोलल्या, मी टाइप केलं, जसंच्या तसं:
माहं वावर हाये थे. चाळीस वर्साचं.
उजवीकडे उमटलं
की माझी तिथे ये-जा आहे, चाळीस वर्षांची.

मी मराठीत करून सांगितलं, त्या हसतील म्हणून.
त्या हसल्या नाहीत.
"मंग? थेच तं म्हनलं म्या.
पोट्टं पाठीले बांधून गेली,
पायात काटा घेऊन आली,
गेली अन् आली, म्हनून वावर."

मी ते खोडलं.
हायकोर्टात ये-जा चालत नाही.
गट नंबर लागतो, हेक्टर लागतात, आर लागतात.

"तुमच्या भाषेत काय म्हणता?" विचारलं मी,
उगाच. बाहेर ऊन होतं,
त्यांनी थोडं थांबावं म्हणूनही असेल.
यादी उघडली. शंभरावर भाषा.
आइसलँडची आहे,
जिथून या चौकात आजवर कोणी आलेलं नाही.
माल्टाची आहे.
ग वर बोट ठेवून मी वर गेले, खाली गेले.
गुजराती होती. गोंडी नव्हती.
"राहू दे माय," त्या म्हणाल्या, "आमी नेल म्हंतो."

मी तरी ते टाकलंच. नेल.
चौकट घुटमळली.
मग खाली निळ्या अक्षरांत,
नव्याने लागलेल्या कारकुनाच्या अदबीने:
तुम्हाला असे म्हणायचे होते का: नेलं?

"काय म्हंते थे?"
मी वाचून दाखवलं.
कूलर कोरडाच घरघरत होता.
त्यांनी पदराने मान पुसली, स्क्रीनकडे पाहिलं,
एसटीत ओळखीचं कोणी दिसलं तर पाहतात तसं.
"इचारते कायले," म्हणाल्या,
"मालूम हाये तं."

शेवटी शेतच लिहिलं. अकरा ठिकाणी.
त्याखाली नेहमीचं वाक्य,
भाषांतर मुळाबरहुकूम आहे, आणि माझी सही.
शिक्क्याची शाई वाळली होती,
दोनदा दाबावा लागला.

साठ रुपये झाले. त्यांच्याकडे पन्नास निघाले
आणि पिशवीतून सांभाराची एक जुडी.
बांधावरची, म्हणाल्या. बांध अजून आहे.

रात्री नळाखाली धरली.
मुळांची माती
बराच वेळ सुटत होती.