तीन नंबरचा करडा

वूस्टरमध्ये हातमोज्यांच्या बंद पडलेल्या दुकानावर
आमची खोली. खाली अजून चामड्याचा वास,
वर रंगाचा, ओल्या लोकरीचा,
आणि अकरा मुली, पांढरे सुती मोजे चढवून,
अंगठा आणि दोन बोटं कापून मोकळी केलेली.
सेल्युलॉइडवर बोटाचा ठसा उमटला
तर पडद्यावर ढगाएवढा दिसतो, म्हणायचे मिस्टर हॅलम.

मी मिसेस टबिटला रंगवायचे.
डुकरीण. फुलाफुलांचा एप्रन, एक दात पुढे,
गावोगावच्या बायकांना सांगणारी:
बटाट्याची सालं फेकू नका गं बायांनो,
कोबीचे देठ, करपलेला पाव,
कोपऱ्यावरच्या पिंपात टाका.
तिला एक सेकंद बोलायला चोवीस चित्रं लागत,
डोळा मारायला आठ.
आठ वेळा तोच डोळा भरताना
माझे दोन्ही मिटायला आलेले.

रंग म्हणाल तर सगळे करडे.
फिल्म काळीपांढरी, गुलाबी कशाला हवाय?
बाटल्यांवर आकडे, एक ते सात.
डुकरीण तीन. एप्रन पाच. पिंप सहा.
आभाळ दोन नंबरचं,
आमच्या आभाळात विमान कधीच नसायचं.

फिल्म घेऊन गाडी खेड्यापाड्यांत जाई,
शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये,
पर्शोरजवळ एकदा प्लमच्या वखारीत.
तिथे मी गेले होते. पोरं फळांच्या पेट्यांवर बसलेली.
मिसेस टबिट घसरून पिंपात पडली
तेव्हा हसण्यात जनरेटरचा आवाज बुडाला.
बाहीला काळी फीत लावलेल्या एका बाईने
तोंडावर हात ठेवला,
मग काढला.

एका पोराने विचारलं, शेवटी तिचं काय होतं?
शेवटी ती गुबगुबीत होते, टोपी उडवते, समाप्त.
नाही, त्याच्यानंतर?
मिस्टर हॅलम वायरी गुंडाळू लागले.
त्यापुढचं चित्र
आम्हाला कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी धुणं.
नवं सेल्युलॉइड मिळेना, तेही म्हणे लढाईवर गेलेलं,
म्हणून चित्रण झालं की कोमट पाण्यात सोडा टाकून
मी तिला पुसायचे.
आधी एप्रन जाई, मग दात,
शाईची रेघ मात्र चिवट,
सुंभ जळून गेल्यावर उरणाऱ्या पिळासारखी
हाताला लागत राही.
आठवड्याची सगळी मेहनत मोरीतून
सेव्हर्न नदीला मिळे, तीन नंबरचा गढूळपणा.

बर्मिंगहॅमला आईच्या गल्लीत बॉम्ब पडला
त्या महिन्यात मी एक तुकडा चोरला.
ओरखडा होता त्यावर, पण चोरी ती चोरीच.
स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेऐवजी पुठ्ठा होता,
त्याला चौकोनी भोक पाडून तो चिकटवला.
म्हटलं, आई, ह्याला काडी लागली तर घर जाईल.
ती म्हणाली, बरं,
मग काड्या त्या फळीवर ठेवते.

सिनेमाला ती जन्मात गेली नव्हती.
रात्री काळा पडदा. सकाळी नऊला
मागच्या भिंतीवरून ऊन चढून आलं
की टेबलावर डुकरीण पडायची, नुसती सावली,
दात नाही, फुलं नाहीत, एक पाय वर,
मिठाच्या बरणीकडे सरकत सरकत जाणारी.

कुठल्या रंगाची गं ही? आईने विचारलं.
गुलाबी, मी म्हणाले.
तिने मान हलवली, ठाऊक असल्यासारखी,
आणि बटाटे सोलायला बसली.
लांबलचक सालं, मध्ये न तुटणारी.
पिंपाची बादली पायाशीच होती,
तरी एकेक साल ती टेबलावर ठेवत गेली,
नेमकी त्या नाकाडापाशी.

हसली वगैरे नाही.
ऊन सरकलं तसा ढीगही
बोटभर पुढे सरकवला.