सांधणी

अडतीस वर्षं सांधणी केली.
संपत आलेल्या बीमचा धागा, नव्या बीमचा धागा,
दोन बोटांत धरायचे, पीळ द्यायचा, सोडायचे.
एका बीमला चोवीसशे.
गाठ मारली की जरासं ओढून बघायचं.
सुटायची असेल तर हातातच सुटू दे,
फणीपलीकडे सुटली
तर टॉवेलभर रेघ, आणि शेठची शिवी.

दिवाळीला जावई आला हैदराबादहून.
विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्या बघून म्हणाला,
मामय्या, घर स्मार्ट करू.
मोरीत नवा गिझर, वायफायचा.
टीव्हीशेजारी एक बोलणारी डबी.
इकडे पाणी कधी तापलं
ते तिकडे मौनिकाला मोबाइलवर दिसणार.

राजव्वा पहाटे उठली, डबीला म्हणाली,
वेडि नीळ्ळु.
आमच्यात वेडि म्हणजे गरम.
डबीनं मराठीत ऐकलं असावं.
वेड्या पाण्यावर तिच्याकडे इलाज नव्हता,
निळा दिवा दोनदा फिरवला नि गप्प बसली.

गिझरच्या अ‍ॅपला ठाऊक, पाणी किती अंशावर.
घराच्या अ‍ॅपला नुसतं चालू की बंद.
मी विचारलं, आकडा मधे कुठं गळतो?
जावई म्हणाला, कंपनी तेवढंच दार उघडते, मामय्या,
बाकीचं आपल्या हातात नाही.
म्हणजे चोवीसशेतले दोन धागे सांधले
आणि बीम चढवला.

लाइट जायची. आली की राऊटर आधी उठायचा,
गिझर मागून,
दोघं एकमेकांना ओळखायचे नाहीत.
मी मधे स्टुलावर उभा, चष्मा कपाळावर,
लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी तसा.
आणि महापालिकेचा नळ पाचव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला,
तो कुठल्याच अ‍ॅपमधे नाही.
त्याला अजून शेजारची कळव्वाच दार वाजवून जोडते.

जानेवारीत राजव्वाचा दम उसळला.
तीस वर्षांची तंबाखू, सुपातून छातीत गेलेली.
चार रात्री सिव्हिलला.
मौनिकाला आठवा महिना, म्हणून कळवलं नाही.
घराला कुलूप.
गिझर मात्र साडेपाचला चालू, सहाला बंद,
रोज, न चुकता,
रिकाम्या मोरीत पाणी तापवून निववत राहिला.
तिकडे हिरवा ठिपका बघून
पोर निश्चिंत झोपायची,
अम्मा उठली, अम्माची आंघोळ झाली.

पाचव्या दिवशी कळव्वानंच फोनवर बोलून टाकलं.
मग मौनिकाचा फोन. आधी काहीच नाही,
नुसता श्वास. मग,
नान्ना, चालू दिसत होतं ना.

तिला काय सांगणार.
गिझर खोटं बोलला नव्हता.
त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.
ओढून बघायला हवं होतं, ते कुणी बघितलं नाही,
मीसुद्धा नाही. मी तर लपवलं.

आता वेळापत्रक काढून टाकलंय.
जावई थोडा खट्टू झाला,
म्हणाला, पुढच्या अपडेटला जमेल बहुतेक.
जमू दे.
साडेपाचला फोन वाजतो.
स्पीकरवर पोर विचारते, अम्मा, वेडि नीळ्ळु?
राजव्वा खोकत खोकत हो म्हणते,
डबीचा निळा दिवा उगाच फिरतो,
आणि मी उठून लाल बटण दाबतो.

आज दाबलं, तर लाइट नव्हती.
तेही सांगितलं तिला.
स्टोव्हवर पातेलं ठेवलं,
पाण्यात बोट बुडवून बघितलं.
अजून नाही, म्हणालो.
थांबते, म्हणाली.