हातचा

सप्टेंबर. उद्या थिस्तिलफ्योर्दुरच्या डोंगरावरून मेंढ्या उतरणार.
कानातले नवे बिल्ले छापायचं काम यंदा माझ्याकडे,
कारण चार वर्षं रेक्याविकला मी पगार घेते तो याचाच:
यंत्राला ओळीने आकडे म्हणायला लावते.

ओडगेइर मामा शेगडीवर मोजे वाळवत होता.
मी म्हटलं, तीन गोष्टी सांगायच्या फक्त,
कुठून, कुठवर, केवढ्या पावलानं.
रांग ते आपली आपण लावतं.
शून्य. दोनशे चाळीस. एक.
छपाईयंत्र खाकरलं आणि चालू लागलं.

शेवटचा बिल्ला त्यानं दिव्याशी धरला.
दोनशे एकोणचाळीस.
"एक मेंढी खाल्ली तुझ्या यंत्रानं."
नाही खाल्ली. पहिला बघ.
"शून्य?"
खोट्या नाण्यासारखा त्यानं तो दाताखाली दाबून पाहिला.
"शून्य नंबरची म्हणजे न जन्मलेली.
तिची लोकर कातरणार कोण?"

नव्या पोरांना शिकवतानाही मी इथंच अडते.
'पर्यंत' हा शब्दच लबाड.
पुलापर्यंत ये म्हटलं, तर पूल ओलांडायचा की नाही?
यंत्राचं ठरलेलं आहे: नाही.
दोनशे चाळीस ही मेंढी नव्हे, फाटक आहे.
रांग त्याला नाक लावते आणि थांबते.

मामानं मोजे उलटे केले.
त्याला पटलं नव्हतं, पण मोजे वाळले होते.

सकाळी धुकं, कुत्री, शेजारच्या ग्वुडफिन्नाचा थर्मास.
फाटक इतकं अरुंद की एका वेळी एकच.
आमच्यातही अशी एक युक्ती आहे:
अख्खा कळप डोक्यात कोंबायचा नाही,
मागितली की एक द्यायची
आणि कुठवर आलो तेवढंच धरून
निमूट उभं राहायचं, पुढच्या हाकेची वाट बघत.
कोटभर मेंढ्या असोत,
फाटकाला ओझं एकीचंच.

मी वहीत मोजत होते, मामा खिशांत.
उजव्यातला खडा डाव्यात. खडा. खडा.
पण पहिली आली ती म्होरकी,
काळी, लांब पायांची, वादळ आधी हुंगणारी.
तिच्यासाठी त्याचा हात हललाच नाही.
"हिला मोजत नाहीत," तो म्हणाला,
"हिच्या मागून मोजतात."

मी गप्प. वही मिटून नुसती बघत राहिले त्याच्याकडे.
त्यानं ओठ चावला, खिसा चाचपला,
आणि शून्याचा बिल्ला काढून
तिच्या कानाला लावला.

संध्याकाळी कळप आत. माझ्या वहीत सगळ्या.
मामाच्या उजव्या खिशात मात्र एक खडा शिल्लक.
अर्थात. दोनशे चाळीस खडे आणि म्होरकी वगळून मोजणी.
दर वर्षी एक उरत असणार,
आणि दर वर्षी हा माणूस रात्रभर
फाटक उघडं टाकून, कंदील लावून बसतो,
ही गोष्ट अख्ख्या खोऱ्याला ठाऊक.
चाळीस वर्षांची चूक, मी म्हटलं,
एकाच आकड्याची. सांगू कशी दुरुस्त करायची?

"चूक ठाऊक आहे मला."
त्यानं खडा तळहातावर फिरवला.
"एका साली पहाटे एक आली होती.
कुणाच्याच खुणेची नाही. कुणाच्याच मोजणीत नाही.
पाय रक्ताळलेले.
फाटक लावलेलं असतं, तर?"

बेरीज करताना आपण हातचा म्हणतो तो,
पुढच्या घरासाठी मुठीत धरलेला एक.
माझ्या कामात 'जोवर' म्हणून एक फेरा असतो,
अट सुटेपर्यंत फिरणारा,
आणि पहिला धडा हा की त्याला भ्या:
अट सुटलीच नाही तर तो थांबतच नाही.

ग्वुडफिन्ना थर्मास विसरून गेली होती.
उरलेली कॉफी गार, पण आम्ही प्यायलो.
झोपायला जाण्याआधी एक कोरा बिल्ला घेतला
आणि शाईनं, हातानं, वाकडंतिकडं लिहिलं
दोनशे चाळीस,
कारण यंत्र तो देत नाही,
आणि फाटकाच्या गंजक्या खिळ्याला अडकवला.